पेणच्या कारखान्यांतली डागडुजी

गणेशमूर्ती साच्यातून निघाल्यापासून यजमानाच्या पाटावर बसेपर्यंत अनेकदा दुखावते. बोट तुटते, कानाची पाळ उडते, सोंडेला चीर जाते, मुकुटाचे टोक झडते, ओल्या गालावर कोणाचा तरी अंगठा उमटतो. ही इजा भरून काढण्याचे काम पेणच्या मूर्तिव्यवसायात पहिल्यापासून आहे. मूर्तीचे साहित्य बदलले तशी मोडण्याची तऱ्हा बदलली आणि सांधण्याचीही. शाडू, प्लास्टर आणि अलीकडे पुन्हा शाडू, असा जो पल्ला पेणने गाठला त्याची कारणे सहसा किंमत, मागणी आणि कायदा यांत शोधली जातात. ती खरीच आहेत. पण कोणती माती चटकन सांधता येते आणि कोणती येत नाही, या साध्या गोष्टीचाही त्यात मोठा वाटा आहे.

पेण हे रायगड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. भोगावती नदीच्या काठी, धरमतरच्या खाडीला लागून असलेल्या या भागात भातशेती आणि मिठागरे ही उपजीविकेची जुनी साधने. पेणचे पोहे आणि पापडही प्रसिद्ध. मिठागर पावसाळ्यात बंद असते आणि भातशेतीला पावसाळ्याखेरीज काम कमी. अशा ठिकाणी हंगामी हातांना दुसरा धंदा मिळणे सोपे असते. मूर्तीचे काम मात्र हळूहळू हंगामी राहिले नाही. अनंत चतुर्दशी झाली की थोड्याच दिवसांत पुढच्या वर्षाचे साचे बाहेर निघतात आणि भाद्रपदापर्यंत काम चालते.

कोकणात घरगुती गणपतीची चाल सार्वजनिक उत्सवाच्या कितीतरी आधीची. चतुर्थीची मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची, आणि ती दरवर्षी नवी. गावातला एखादा कसबी माणूस आळीतल्या घरांपुरते गणपती करी. घरचा पाट त्याच्याकडे नेऊन देण्याची पद्धत कोकणात अजूनही आहे. पेणमध्ये या घरगुती कसबाचा धंदा झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी. त्यात देवधर घराण्याचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते; पुढे राजाभाऊ देवधरांच्या ‘कल्पना कला मंदिर’मुळे ते महाराष्ट्रभर पोचले. १८९३ पासून लोकमान्य टिळकांनी उचलून धरलेल्या सार्वजनिक गणेशोत्सवाने मुंबई-पुण्यात मूर्तींना नवे गिऱ्हाईक मिळाले. त्याहून मोठे गिऱ्हाईक होते ते चाळींत राहायला गेलेले कोकणी कुटुंब. त्याच्याजवळ अंगण नव्हते, ओळखीचा मूर्तिकार नव्हता, पण गणपती हवाच होता. ही मागणी पेणने पुरवली.

धंदा गावाबाहेर गेला की डागडुजीचे स्वरूप बदलते. आळीतल्या माणसासाठी केलेली मूर्ती चार घरे ओलांडून जाई. वाटेत काही झालेच तर करणारा हाकेच्या अंतरावर असे. मुंबईला जाणाऱ्या मूर्तीला तो आधार उरला नाही. शिवाय इथे रूढीचाही प्रश्न येतो. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती भंगली तर ती पूजेत ठेवत नाहीत, विसर्जन करतात; प्रतिष्ठेपूर्वीच दुखावली तर दुसरी आणावी, असे पंचांगकर्ते सांगतात. म्हणजे घरी पोचलेल्या मूर्तीची दुरुस्ती यजमानाला सहसा नकोच असते. कारखान्यातली गोष्ट वेगळी. तिथे मूर्ती अजून घडतेच आहे, म्हणून तिथे काय काय सांधले गेले याची चौकशी कोणी करत नाही. जी काही डागडुजी करायची ती या हद्दीच्या अलीकडे आणि दिसणार नाही अशी करायची, हे त्यामुळे पक्के ठरून गेले.

सुरुवातीच्या काळात माती होती शाडूची. ही पांढुरकी, बारीक पोताची माती गुजरातेतून, सौराष्ट्राच्या बाजूने येते. भिजवून, मळून, तिच्यात कापूस किंवा कागदाचा लगदा मिसळून ती साच्याच्या दोन भागांत अंगठ्याने दाबली जाई. दोन्ही भाग पातळ मातीने जोडून धड तयार होई. हात, सोंड, कान, आयुधे मागाहून बसवली जात. ही मूर्ती भाजत नाहीत. भाजली तर पाण्यात विरघळणार नाही, आणि विरघळणे हा तर पार्थिव पूजेचाच भाग. न भाजलेली सुकी शाडू खडूसारखी ठिसूळ असते. धक्का सोडाच, नुसत्या सुकण्यानेही ती तडकते.

याचे कारण आकसण्यात आहे. मातीतले पाणी उडाले की तिचे कण जवळ येतात आणि मूर्ती थोडी लहान होते. सगळीकडे सारखी लहान झाली तर काही बिघडत नाही. पण बोट तासाभरात सुकते आणि पोट चार दिवस ओले राहते. पातळ भाग आधी आकसतो, जाड भाग त्याला धरून ठेवतो आणि दोघांच्या सांध्यावर चीर पडते. म्हणून चिरा पडण्याच्या जागा ठरलेल्या: मनगट, सोंडेचे मूळ, कानामागची घडी, मांडी आणि पाटाची जोडरेषा. जाणता कारागीर मूर्ती आतून पोकळ ठेवतो ती वजनासाठी, तशीच सगळ्या भिंती जवळपास एका जाडीच्या राहाव्यात म्हणून. सुकवताना ऊन टाळतो, वारा टाळतो, बोटांवर ओले फडके ठेवतो.

तरीही चीर पडलीच तर ती बुजवण्याची रीत कोणत्याही नवशिक्याला उलटी वाटते. चिरेत ओली माती कोंबावी असे वाटते. पण ओली माती सुकताना पुन्हा आकसते आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर, जरा बारीक होऊन, परत दिसते. म्हणून आधी कोरणीने चीर मोठी करायची. आतल्या कडा खरवडून खडबडीत करायच्या. मग ब्रशाने पाणी पाजायचे. एकदा पाजून थांबायचे, माती ते पिऊन घेते, पुन्हा पाजायचे. कडा मऊ झाल्या की भरण करायचे, आणि ते मूळ मातीपेक्षा कोरडे हवे: शाडूची चाळलेली भुकटी, पिंजलेला कापूस, थोडा डिंक, पाणी नावापुरते. थर एकदम न देता दोन-तीनदा द्यायचा आणि शेवटचा थर पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवायचा, कारण तो बसणार. पूर्ण सुकल्यावर ओल्या ब्रशाने किंवा पॉलिश पेपरने तो सपाट करायचा. तुटलेल्या बोटाला आत बारीक तार किंवा बांबूची काडी लागते. तुटका तुकडा हाती असेल तर तोच बसवणे चांगले. नवे बोट ओले असते, ते आकसते आणि शेजारच्या बोटांपेक्षा बारीक दिसू लागते.

कोलकात्याच्या कुमारटुलीतही हाच प्रश्न आहे, उत्तर मात्र वेगळे. तिथल्या दुर्गामूर्तीच्या आत गवताचा सांगाडा असतो. माती सुकून चिरा पडल्या की पातळ चिखलात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या त्यांवर चिकटवतात आणि वरून पुन्हा मातीचा हात देतात. चिरा पडणार हे तिथे धरूनच चालतात. पेणची मूर्ती आकाराने लहान, घरच्या देव्हाऱ्यासमोर हातभर अंतरावरून पाहिली जाणारी. तिच्यावर पट्टी चालत नाही, कारण पट्टीची कड दिसते. पेणच्या कारागिराने चीर पडू न देण्यावर आणि पडलीच तर ती आतून भरण्यावर जोर दिला, तो यामुळे.

या सगळ्यात वेळ फार जाई. एका चिरेचे भरण सुकायला उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात तीन. चतुर्थी भाद्रपदात, म्हणजे धंद्याचा शेवटचा आणि सर्वांत घाईचा काळ नेमका आषाढ-श्रावणात येतो. खाडीकाठची दमट हवा, चार-चार दिवस न उघडणारा पाऊस. कारखान्यात शेगड्या ठेवून, पुढच्या काळात पंखे आणि मोठे दिवे लावून मूर्ती सुकवल्या जात. शेगडीजवळची बाजू आधी सुके आणि तिथे नवी चीर पडे. शाडूच्या काळात एका कारखान्याचे उत्पादन किती, हे हातांच्या संख्येपेक्षा सुकवायची जागा आणि वेळ यांवर जास्त ठरे.

याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या सासवण्यात, १८९१ मध्ये जन्मलेल्या विनायक पांडुरंग करमरकरांची गोष्ट इथे जोडून घ्यावी लागते. गणपती घडवणाऱ्या घरात ते वाढले. त्यांनी भिंतीवर काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र जिल्हाधिकारी ऑटो रॉथफील्ड यांच्या पाहण्यात आले आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची सोय केली. पुण्यातला १९२८ चा अश्वारूढ शिवपुतळा ही करमरकरांची सर्वांत गाजलेली कृती. सासवण्याच्या राहत्या घरी त्यांनी सिमेंटमध्ये केलेली शिल्पे आज संग्रहालय म्हणून पाहता येतात. जे. जे.मध्ये जे शिकवले जाई त्यात प्लास्टरचे ओतकाम महत्त्वाचे होते: मातीत मूळ प्रतिमा करायची, तिच्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, साच्यातून प्लास्टरची प्रत काढायची, तिचे सांधे कापून घासून काढायचे. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ १८९६ मध्ये प्रथम प्लास्टरमध्येच उभी राहिली. म्हणजे पॅरिसचे प्लास्टर कोकणच्या माणसाला अनोळखी नव्हते. चित्रशाळेतून कारखान्यात यायला मात्र त्याला काही दशके लागली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पेणमध्ये आले आणि पाहता पाहता शाडूला मागे सारून गेले. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. जिप्समचा दगड साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातले तीन चतुर्थांश पाणी निघून जाते. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातले की ती ते परत घेते, गरम होते आणि काही मिनिटांत घट्ट बसते. बसताना ती आकसत नाही, उलट किंचित फुगते. सुकताना तडकण्याचा शाडूचा मूळ दोषच त्यामुळे नाहीसा झाला. मूर्ती हलकी झाली, पातळ करता येऊ लागली. आत काथ्याचे तंतू घातले की ती धक्काही सोसू लागली.

प्लास्टरबरोबर रबरी साचा आला, आणि तो आला नसता तर प्लास्टरचाही एवढा उपयोग झाला नसता. कडक साच्यातून मूर्ती सोडवताना सोंडेखालची खोबण, कोपराची पोकळी, कानामागची जागा अडकते. तिथे एक तर तुकडा तुटतो किंवा साचा अनेक तुकड्यांत करावा लागतो. रबरी साचा पायमोज्यासारखा उलटा सोलून काढता येतो. पूर्वी सुटे करून जोडावे लागणारे हात, आयुधे, मोदक आता धडासह एकसंध निघू लागले. कोरीव तपशीलही वाढले. दागिन्यांची नक्षी, शेल्याच्या चुण्या, सिंहासनाची वेलबुट्टी यांतले बरेचसे पेणचे वैशिष्ट्य म्हणून ओळखले जाते ते या काळातले.

तपशील वाढले तशा मोडायच्या जागाही वाढल्या. ओतताना हवेचा बुडबुडा बोटाच्या टोकाशी अडकतो आणि मूर्ती नखाशिवाय, कधी पेराशिवाय बाहेर येते. अंगावर टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. साच्याच्या सांध्याची रेघ डोक्यापासून बैठकीपर्यंत उमटते. घाईने साचा सोलला तर प्लास्टर अजून कच्चे असते आणि कानाची कड रबरासोबत निघून येते. या सगळ्यांसाठी जे काम ठरून गेले ते असे. मूर्ती निघाल्यावर ओलसर असतानाच पत्रीने सांध्याची रेघ खरवडायची. भोकांवर पातळ प्लास्टरचा ब्रश फिरवायचा. मोडलेल्या बोटाच्या बुंध्यात तारेचा तुकडा खोचून त्याभोवती घट्टसर प्लास्टर थापायचे आणि ते बसत असताना, त्या चार-पाच मिनिटांत, कोरणीने पेरे आणि नख काढून टाकायचे. त्यानंतर ते हाती लागत नाही.

इथेही एक खोच आहे. सुकलेल्या प्लास्टरवर नवे प्लास्टर लावले तर जुने त्यातले पाणी शोषून घेते. नव्याला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही आणि ते भुसभुशीत राहून पुढे कधीतरी पापुद्र्यासारखे सुटते. म्हणून जोडायची जागा आधी भरपूर भिजवावी लागते. शाडूलाही पाणी पाजायचे आणि प्लास्टरलाही, पण कारणे निराळी: शाडूच्या कडा मऊ व्हाव्यात म्हणून, प्लास्टरची तहान भागावी म्हणून. शाडूवर हात बसलेल्या जुन्या कारागिरांना प्लास्टर अवघड गेले नाही ते काही अंशी या सवयीमुळे. रंगकामाआधीच्या बारीक खड्ड्यांसाठी मात्र प्लास्टर चालत नाही, ते फार लवकर बसते. तिथे खडूची पावडर पूर्वी डिंकात किंवा सरसात आणि नंतर फेविकॉलमध्ये कालवून केलेली लांबी भरतात.

शाडूची चीर दुरुस्त व्हायला दिवस लागत, प्लास्टरचे बोट पाच मिनिटांत उभे राहते आणि संध्याकाळी रंगवता येते. मोडलेला माल बाजूला ठेवायचे कारण उरले नाही. माल मोडतो याची भीती कमी झाली तेव्हा कमी शिकलेल्या हातांनाही काम देता येऊ लागले. मोडले तर सांधता येते. धंदा पेण शहराच्या बाहेर पसरला तो यामुळेही. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घराघरांत कारखाने निघाले. ओतकाम एकीकडे, घासकाम दुसरीकडे, रंगकाम तिसरीकडे अशी वाटणी झाली. पॉलिश पेपरने घासणे आणि लांबी भरणे यांत बायकांची संख्या मोठी. ‘कच्ची मूर्ती’ हा आता स्वतंत्र माल आहे: न रंगवलेली, पण सांधून-घासून स्वच्छ केलेली मूर्ती महाराष्ट्रभरचे रंगकाम करणारे हमरापूरहून घेऊन जातात. कच्च्या मूर्तीचा भाव पुष्कळदा तिच्या डागडुजीवरून ठरतो. घेणारा ती उजेडात तिरपी धरून पाहतो. सांध्याची रेघ सावलीत दिसली तर भाव पडतो.

रंग चढल्यावर इजा झाली तर काम वेगळेच. आतला तुकडा सांधणे सोपे, वरचा रंग जुळवणे कठीण. भरण केलेली जागा आजूबाजूच्या जागेपेक्षा रंग जास्त पिते, म्हणून तोच रंग तिथे गडद दिसतो. आधी त्या जागेवर पांढऱ्याचा हात देऊन तिची शोषण्याची ताकद मारावी लागते. तरीही अंगरंग स्प्रे गनने छटा देत मारलेला असेल तर ब्रशाचा ठिपका लपत नाही. गाल दुखावला तर पुष्कळदा अख्खा चेहरा पुन्हा मारतात, बोट दुखावले तर मनगटापर्यंतचा हात. मनगटावर कडे असते आणि जुन्या-नव्या रंगाची सीमा कड्याखाली जाते. रंगाची हद्द दागिन्याच्या कडेला आणून संपवणे ही पेणच्या रंगकामातली खास चलाखी म्हणावी लागेल. सोनेरी रंग त्या मानाने सोसतो, त्यावर दुसरा हात सहज मिसळतो. डोळ्यांच्या आखणीला मात्र दुरुस्ती नाही. बुबुळ किंचित सरकले तर ओले असतानाच पुसून टाकतात. सुकल्यावर लक्षात आले तर डोळा पांढरा करून पुन्हा काढावा लागतो आणि रंगाचा जाडसर थर पापणीच्या कडेला कळून येतो. आखणीचे काम मोजक्याच हातांत असते आणि त्याची मजुरी चढी असते, त्याला हे एक कारण आहे.

मूर्ती मोडण्याचा दुसरा मोठा टप्पा वाहतुकीचा. पेण-मुंबई दळणवळण पूर्वी बरेचसे खाडीमार्गे चाले. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला आणि मुंबई रस्त्याने जवळ आली. ट्रक थेट कारखान्याच्या दारात येऊ लागला. ट्रकमध्ये मूर्ती पेंढ्यात उभ्या करतात, एकमेकींना लागू नयेत इतक्या अंतरावर आणि डगमगू नयेत इतक्या जवळ. यातले प्रमाण साधणे हे चढवणाऱ्याचे कसब. मुंबई-गोवा महामार्गाची पावसाळ्यातली दशा सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे ‘पेणचे गणपती’ अशी पाटी लावलेल्या मुंबई-पुण्याच्या मांडवांत शेवटच्या पंधरवड्यात एखादा कारागीर बसलेला असतो: समोर रंगाच्या वाट्या, दोन-तीन ब्रश, लांबीचा डबा, तार आणि पॉलिश पेपर. तो मूर्ती विकत नाही. वाटेत दुखावलेल्या मूर्ती गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत ठीकठाक करणे एवढेच त्याचे काम.

परदेशी जाणाऱ्या मूर्तीला तीही सोय नाही. १९८९ मध्ये उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि पेणच्या अगदी जवळून कंटेनर जाऊ लागले. अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, ऑस्ट्रेलियातल्या मराठी कुटुंबांसाठीचा माल उन्हाळ्यातच निघतो. पोचल्यावर सांधणारा हात तिकडे नसतो, म्हणून या मूर्ती आधीपासूनच मोडणार नाहीत अशा निवडतात: हात अंगासरशी, आयुधे आखूड, कान डोक्याला टेकलेले. बाहेर झेपावणारी सोंड किंवा वर उचललेला परशू निर्यातीच्या मालात कमी दिसतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. त्या वर्षी टाळेबंदीमुळे माल आधीच अडकलेला होता. सार्वजनिक मंडळांच्या मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत अशी मर्यादाही राज्य सरकारने पुढे घातली. वादळात पेणच्या परिसरातल्या कारखान्यांवरचे पत्रे उडाले आणि मूर्ती भिजल्या. अशा वेळी कोणता माल वाचतो हे साहित्यावर ठरते. शाडूची न रंगवलेली मूर्ती पाण्यात बसली तर तिचा चिखल होतो. माती परत मिळते, मेहनत जाते. प्लास्टरची कच्ची मूर्ती भिजून मऊ पडते, वर डाग येतात, पण जिप्सम पाण्यात फारच थोडा विरघळत असल्याने नीट वाळवली तर ती बरीचशी पूर्ववत होते. सर्वांत वाईट अवस्था रंगवलेल्या प्लास्टरची: आत शिरलेले पाणी रंगाच्या थराखाली अडकते, फुगे येतात आणि वाळल्यावर रंग पोपड्यांनी सुटतो. अशी मूर्ती खरवडून मुळापासून रंगवण्यापेक्षा नवी ओतणे स्वस्त पडते.

पाण्यात न विरघळण्याच्या याच गुणाने प्लास्टर अडचणीत आले. विसर्जनानंतर नदी-तलावांत तशाच पडून राहिलेल्या मूर्ती आणि त्यांवरचे रंग यांमुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. १२ मे २०२० च्या सुधारित सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आली. कारखान्यांत तयार माल पडून असल्याने त्या वर्षापुरती ती पुढे ढकलली गेली. पुढची काही वर्षे न्यायालयीन लढाईत गेली. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती करण्यास आणि विकण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करू दिले नाही. जुलैमध्ये सहा फुटांवरच्या मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत सवलत मिळाली, त्याहून लहान मूर्तींसाठी कृत्रिम तलाव.

या अनिश्चिततेत अनेक कारखान्यांनी शाडूचे काम वाढवले आणि तिथे एक जुनी अडचण नव्याने पुढे आली. रबरी साचा प्लास्टरसाठी केलेला. त्यात शाडू दाबली तर ती ओली, जड असते, साचा सोलताना स्वतःच्या वजनाने बसते. प्लास्टरच्या काळात फोफावलेली बारीक नक्षी, अधांतरी बोटे, पातळ कान शाडूला पेलत नाहीत. एक पिढी प्लास्टरवर शिकली आहे, ती चिरेत ओली माती कोंबते आणि दुसऱ्या दिवशी चीर परत आलेली पाहते. कागदी लगद्याच्या मूर्तीची तऱ्हा आणखी निराळी. ती पडली तर फुटत नाही, चेपते. चेपलेली जागा वाफ किंवा ओलसर फडके देऊन आतून उचलावी लागते. पण तिचा पृष्ठभाग मुळातच रवाळ असतो आणि लांबीचा हात जास्त लागतो. शाडूकडे वळताना आकृती पुन्हा भरीव आणि आवाक्यातली होऊ लागली आहे, आयुधे अंगाजवळ येऊ लागली आहेत. सौंदर्याच्या दृष्टीनेही हा बदल वाईट नाही. प्लास्टरच्या अखेरच्या काळातल्या काही मूर्तींवर दागिन्यांची इतकी दाटी होती की गणपती शोधावा लागे.

डागडुजी मूर्तीचीच होते असे नाही, साच्याचीही होते. रबरी साचा शेकडो वेळा सोलला की सोंडेच्या मुळाशी आणि बोटांच्या बेचक्यांत फाटतो, आणि फाटलेल्या जागेची रेघ पुढच्या प्रत्येक मूर्तीवर उठते. फाटलेल्या जागी जाळीदार कापडाचा तुकडा ठेवून त्यावर पातळ रबराचे दोन-तीन हात देतात. असा ठिगळाचा साचा चालतो, पण नक्षी बोथट होत जाते. मग मूळ मातीच्या प्रतिमेवरून नवा साचा घ्यावा लागतो, आणि मूळ प्रतिमा जपून ठेवली नसेल तर जुन्या साच्यातल्या चांगल्या मूर्तीवर कोरणी चालवून तीच नवी प्रतिमा म्हणून वापरतात. पेणच्या काही जुन्या नमुन्यांचे चेहरे पिढी-दरपिढी किंचित बदलत गेले ते अशा दुरुस्त्यांतून.

चतुर्थी उलटल्यावर न विकलेल्या मालाचा हिशेब होतो. प्लास्टरच्या शिल्लक मूर्ती कापडाखाली माळ्यावर जातात. पुढच्या वर्षी त्यांची धूळ झाडून, कडा सांधून, रंगाचा एक हात देऊन त्या पुन्हा मांडवात येतात. शाडूची शिल्लक मूर्ती वर्षभर ठेवणे परवडत नाही, ओलीसुकीत ती तडकत जाते. तिचा रंग खरवडून ती पिंपात टाकतात. दोन-तीन दिवसांत माती भिजून खाली बसते, वरचे पाणी काढून ती चाळतात आणि नव्या शाडूत मिसळून दसऱ्यानंतरच्या कामाला घेतात.